पेन्सिलीतलं वर्तुळ

‘कास्ट काढून टाकायच्या. सगळ्या. एकही ठेवायची नाही,’ असं मी कॉलवर सांगत होते, आणि नेटवर्क सारखं तुटत असल्यामुळे जरा ओरडूनच सांगत होते. जून २०२१. ऑफिस पुण्यात, मी महाडला आई-आबांकडे, लॅपटॉप आईच्या शिलाई मशीनवर. कॉल संपला तेव्हा ओटीवर पेपर वाचत बसलेल्या आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘चवदार तळ्याच्या गावात बसून बोलतेयस बाय, तेव्हा मोठ्याने बोललीस ते बरंच झालं. २० मार्च १९२७ पासून काढतायत. तुझ्या निघाल्या का?’

मी हसले, आणि ही कास्ट वेगळी, हे त्यांना सांगायला बसले. आबा पोलादपूर तालुक्यात तलाठी होते. सगळी नोकरी सजांवर गेली, बरीचशी उमरठ-कापड्याच्या बाजूला. ‘तू नक्की काय काम करतेस’ हा त्यांचा प्रश्न मी लोणेऱ्याला आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकत होते तेव्हापासून पडून होता. टाळेबंदीने आम्हाला एका छताखाली आणलं, आणि तो वर आला.

पहिल्या दिवशी मी भातलावणीवरून सुरुवात केली. मोठं शेत आहे, दहा बाया आहेत. कुणी कुठल्या वाफ्यात उतरायचं, कुणाला रोपांची पेंढी कुठून द्यायची, सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढच्या शेतात जायचं नाही, हे बघणारी एक जण बांधावर उभी असते. ती स्वतः एक रोपही लावत नाही. मी त्या बांधावरच्या बाईचं काम करणारी लायब्ररी लिहिते. प्रोग्रॅम लिहिणारा फक्त एक ओळ टाकतो, हे लूप सगळ्यांनी वाटून घ्या. त्या ओळीची भाषा म्हणजे ओपनएमपी. ती १९९७ मध्ये आधी फोर्ट्रानसाठी आली, १९९८ मध्ये सी आणि सी++ साठी. कंपायलर त्या ओळीचं रूपांतर आमच्या लायब्ररीतल्या फंक्शनांना केलेल्या हाकांमध्ये करतो. जीसीसी या मुक्त कंपायलरबरोबर अशीच लायब्ररी येते, तिचं नाव लिबगॉम्प. २००७ च्या ४.२ आवृत्तीपासून ती आहे. आमच्या कंपनीचा कंपायलर त्याच झाडाच्या एका फांदीवर वाढलेला. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकरांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरची टिपणं वाचून मी या झाडावर चढायला शिकले.

पुढे ओपनएमपीत जीपीयू आले, २०१३ च्या ४.० आवृत्तीत. तिथून भानगड वाढली. आता शेतं दोन झाली, एक प्रोसेसरच्या मेमरीत, एक जीपीयूच्या. माल इकडून तिकडे न्यायचा, परत आणायचा, आणि इकडचा कुठला पत्ता म्हणजे तिकडचा कुठला, याची वही ठेवायची. ती वही लायब्ररीकडे.

‘म्हणजे दप्तर,’ आबा म्हणाले. खरंच, तो शब्द मला तोवर सुचला नव्हता.

आता कास्ट. सी भाषेत एखाद्या फंक्शनला तुम्ही डेटाचा पत्ता देता, त्याला पॉइंटर म्हणतात. पत्ता हातात आला की तिथलं वाचताही येतं आणि लिहिताही. पण पॉइंटरच्या प्रकारात कॉन्स्ट हा शब्द लावला, की त्या पॉइंटरमधून फक्त वाचता येतं. लिहायला गेलं की कंपायलर अडवतो. आणि ज्याच्याकडे कॉन्स्ट पॉइंटर आहे त्याला तो साध्या पॉइंटरची अपेक्षा करणाऱ्या फंक्शनला देता येत नाही. सी++ मध्ये थेट एरर, सी मध्ये वॉर्निंग. कारण उघड आहे: मला फक्त वाचायला दिलेली वस्तू मी दुसऱ्याच्या हातात ‘कर काय करायचं ते’ म्हणून कशी देणार? पण देता येते. पॉइंटरच्या पुढे कंसात नवा प्रकार लिहायचा, कंपायलर गप्प. त्या कंसाला कास्ट म्हणतात. ‘माझ्या जबाबदारीवर सोडा’ असं लिहून देण्यासारखं.

आमच्या लायब्ररीची हेडर फाइल, म्हणजे कुठलं फंक्शन काय मागतं याची यादी, ओपनएमपीच्या २०१५ च्या ४.५ आवृत्तीच्या काळात गोठली होती. त्या आवृत्तीत ‘हा पत्ता जीपीयूवर पोचलेला आहे का’ एवढंच विचारणारं एक फंक्शन आहे, टार्गेट-इज-प्रेझेंट. ते डेटाकडे ढुंकूनही बघत नाही, पत्ता घेऊन वहीत शोधतं आणि हो किंवा नाही सांगतं. तरी त्याने मागितलेला पॉइंटर साधा, कॉन्स्ट नसलेला. मेमरीतून मेमरीत नक्कल करणाऱ्या टार्गेट-मेमकॉपीचंही तसंच. कुठे लिहायचं तो पत्ता साधा हवाच, पण जिथून वाचायचं तोही साधा. २०१८ च्या ५.० ने दोन्ही ठिकाणी कॉन्स्ट घातला. आमच्याकडे तो आला नव्हता. वर कंपनीची स्वतःची काही फंक्शनं होती, ती त्याच जुन्या वळणाची. परिणाम असा, की आमची लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक कोडमध्ये कास्टचा सडा पडलेला. आमच्याच चाचण्यांमध्ये मी मोजल्या, ४१ निघाल्या.

कुणी म्हणेल, एक कंस जास्त लिहावा लागला तर बिघडलं काय? मीही म्हणत होते. टार्गेट-मेमकॉपीला सात आर्ग्युमेंट्स असतात: कुठे, कुठून, किती, तिकडची सुरुवात, इकडची सुरुवात, तिकडच्या डिव्हाइसचा क्रमांक, इकडच्या डिव्हाइसचा क्रमांक. २०१९ मध्ये मी एक चाचणी लिहिली. एका फंक्शनला आकड्यांचा अ‍ॅरे फक्त वाचायला म्हणून येतो, तो जीपीयूवर न्यायचा, तिथे दुसऱ्या अ‍ॅरेत उतरवायचा, परत आणायचा आणि मूळ अ‍ॅरेशी ताडून बघायचा. मी ‘कुठे’ आणि ‘कुठून’ यांची अदलाबदल केली. डिव्हाइसचे क्रमांकही त्याच तालात उलटे लिहिले, त्यामुळे चूक सुसंगत झाली आणि काहीच कोसळलं नाही. जीपीयूवरच्या मोकळ्या जागेतला कचरा माझ्या मूळ अ‍ॅरेवर येऊन सांडला. मग तोच कचरा तिकडे उतरवला गेला, परत आला, मूळ अ‍ॅरेतल्या कचऱ्याशी ताडला गेला आणि तंतोतंत जुळला. चाचणी पास. आठ महिने रोज रात्री पास.

अ‍ॅरे कॉन्स्ट होता. त्यावर लिहायला गेल्यावर कंपायलरने मला पकडायलाच हवं होतं. पण हेडर ‘कुठून’साठीही साधा पॉइंटर मागायचं, म्हणून हाताला वळण पडलेलं: पॉइंटर दिसला की पुढे कास्ट. मी ती दोन्हीकडे चिकटवली होती. जिथे नाइलाजाने लिहावी लागत होती तिथली सवय, जिथे लिहिणं म्हणजे गुन्हा तिथे घेऊन गेली. चूक सापडली तीही अपघाताने, एका सहकाऱ्याने जागा आधी शून्याने भरायचं ठरवलं म्हणून. त्या दिवसापासून मला कास्ट दिसली की चीड येते.

तर जूनमध्ये मी पॅच, म्हणजे या हेडरची दुरुस्ती, काढायला घेतला. वरवर काम सोपं. आमची फंक्शनं सीच्या धर्तीवर जोडली जातात, त्यामुळे आर्ग्युमेंटला कॉन्स्ट लावल्याने लायब्ररीतलं नाव बदलत नाही. जुने, आधी बांधलेले प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर तसेच धावतात. अडतो तो फक्त एक प्रकारचा माणूस. ज्याने फंक्शनचाच पत्ता एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवला असेल, त्याच्या व्हेरिएबलचा प्रकार आता जुळत नाही. अशी माणसं थोडी असतात, पण पत्र तीच लिहितात.

जी फंक्शनं कंपायलरच बोलावतो, माणूस कधीच नाही, त्यांना मी हात लावला नाही. तिथे पत्त्यांचा अख्खा अ‍ॅरे जातो, पॉइंटरचा पॉइंटर, आणि त्या आतल्या पातळीवर कॉन्स्ट लावला की साधे पॉइंटर तिथे आपोआप जातच नाहीत. भाषेचा नियम आहे तो, योग्यही आहे, पण कंपायलरसाठी लाज कशाला राखायची? फोर्ट्रानच्या बाजूलाही थांबले. तिथल्या सी-पॉइंटरला ‘फक्त आत येणारा’ म्हटलं तरी ते पत्त्याबद्दल असतं, पत्त्यावरच्या मालाबद्दल नाही.

आता ज्यावर खरी मारामारी झाली ते. एक फंक्शन आहे असोसिएट-पॉइंटर. वापरणारा म्हणतो, माझ्याकडे इकडचा हा पत्ता आहे, जीपीयूवरची ही जागा मी स्वतः घेतलेली आहे, या दोघांची जोडी तुमच्या वहीत लिहून ठेवा. फंक्शन जोडी लिहितं आणि परत येतं. दोन्ही पत्त्यांवरचा माल त्याने पाहिलेलाही नसतो. मग दोन्ही कॉन्स्ट? आताच्या ओपनएमपीत तसंच आहे. पण आमचे वरिष्ठ रिव्ह्यूमध्ये अडून बसले. त्यांचं म्हणणं: आज तू लिहीत नाहीस, पण उद्या कुणी ‘टार्गेट अपडेट’ म्हणालं, की याच नोंदीच्या आधारे मूळ अ‍ॅरेवर लिहिलं जाणार. कॉन्स्ट बघून माणूस गाफील राहील. मी म्हणत होते, कॉन्स्ट फक्त या हाकेपुरतं बोलतो. ते म्हणत होते, वाचणारा तसं वाचत नाही. दोघांचंही खरं होतं, म्हणून मेल लांबत गेले.

एका संध्याकाळी लाइट गेले आणि मी हे सगळं आबांपुढे ओतलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘उताऱ्यासारखंच ना?’

सातबाराचा उतारा. तलाठी तो दप्तरातून उतरवून द्यायचा, खाली ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’, सही, शिक्का. उतारा हातात असणाऱ्याला तो वाचता येतो, बँकेत दाखवता येतो, पण त्यावर पेन चालवून जमिनीचा मालक बदलता येत नाही. बदल हवा तर फेरफार: गाव नमुना सहामध्ये नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करणं. इथवर माझ्याही लक्षात आलं होतं. आबा पुढे गेले.

‘पण लोकांची चूक कुठे होते सांगू? उतारा आपल्या हातात आहे म्हणजे जमीन आता हलणार नाही, असं समजतात. अरे, तू लिहू शकत नाहीस, एवढंच ते. दुसरा फेरफार टाकू शकतो. तू इथे उतारा वाचत बसलायस तेव्हाच टाकत असेल. म्हणून मी सांगायचो, उतारा नंतर वाचा, तारीख आधी वाचा.’

मी काळोखात बसून राहिले. जे समजायला मला दोन नोकऱ्या लागल्या ते असं. कॉन्स्ट पॉइंटर म्हणजे स्थिर माल नव्हे. ‘मी लिहिणार नाही’ आणि ‘कोणी लिहिणार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि समांतर प्रोग्रॅममध्ये त्यांच्यातलं अंतर जीवघेणं असतं. एक थ्रेड, म्हणजे त्या दहा बायांपैकी एक, कॉन्स्ट पॉइंटरमधून निवांत वाचतोय, दुसऱ्याकडे त्याच जागेचा साधा पॉइंटर आहे आणि तो लिहितोय. कंपायलर दोघांनाही काही बोलत नाही. म्हणूनच, कॉन्स्ट लावला की कंपायलर कोड वेगवान करतो ही समजूतही बहुतेक वेळा खोटी ठरते. दुसरीकडून कुणी लिहीत नसेल अशी खात्री तो त्यावरून धरूच शकत नाही. आमचं टार्गेट-इज-प्रेझेंटसुद्धा बिचारं फक्त विचारतं, पण विचारण्याआधी वहीला कुलूप लावतं. आत कुलूप हलतं, बाहेर सगळं वाचनच.

‘आणि तुझी ती जोडी लिहायची भानगड,’ आबा म्हणाले, ‘त्याला आमच्याकडे पेन्सिल होती.’

फेरफार नोंदवला पण अजून प्रमाणित झालेला नाही, अशा वेळी सातबारावर त्या गटासमोर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने लिहून भोवती वर्तुळ काढायचे. नाव तेच, क्षेत्र तेच, कुणाचा हक्क रेसभरही हललेला नाही. पण वर्तुळ आहे. प्रमाणित झालं की शाईने पक्कं.

‘मग वर्तुळ काढताना तुम्ही सातबारा बदलला की नाही?’

‘नाही बदलला. पण उतारा मागायला येणाऱ्याला तोंडाने सांगायचो, बाबा, इथे वर्तुळ आहे.’

लाइट आल्यावर मी मेलचा मसुदा लिहायला घेतला, पण तो धाडायच्या आत २१ जुलैची रात्र आली.

सावित्री, गांधारी आणि काळ यांच्या बेचक्यातलं आमचं गाव. पाणी चढणं महाडकराला नवं नाही. सामान माळ्यावर टाकायची प्रत्येक घराची एक ठरलेली पद्धत असते. पण त्या रात्री पाणी थांबेचना. आमच्या जिन्याच्या भिंतीवर आबांनी २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवलेली होती; २२ तारखेला पाणी तिच्या वर गेलं. लॅपटॉप मी ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला होता, आईने देवांचा डबा. त्याच संध्याकाळी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली, हे आम्हाला नंतर कळलं. फोन बंद होते. त्या दिवसांबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. पाणी ओसरल्यावर कमरेएवढ्या चिखलातून रस्ता काढत चाललेली माणसं आठवतात, आणि तो वास.

आठवडाभराने आम्ही घरातले कागद दोरीवर वाळत घातले. आबांची ट्रंक खाली राहिली होती. आमच्या स्वतःच्या जमिनीचे हाताने उतरवलेले जुने उतारे, निवृत्तीचे कागद, आणि सजावर असताना ते खिशात बाळगायचे त्या लहान वह्या. उताऱ्यांवरची शाई पसरून निळा ढग झाला होता. सही कुठली, गट नंबर कुठला, काही कळत नव्हतं. वह्यांमध्ये त्यांनी फिरतीवर पेन्सिलीने खरडलेलं मात्र जसंच्या तसं. मी एक पान उन्हाकडे धरलं. पाच-सहा गावांची नावं, आकडे, आणि काही आकड्यांभोवती वर्तुळं.

नेट यायला आणखी वेळ गेला. आल्यावर मी वरिष्ठांना लिहिलं की असोसिएटचे दोन्ही पत्ते कॉन्स्टच ठेवते, कारण फंक्शन माल बदलत नाही ही गोष्ट खरी आहे आणि हेडरने खरंच बोलावं. पण मॅन्युअलमध्ये त्या फंक्शनखाली स्पष्ट वाक्य घालते की ही नोंद झाल्यावर पुढच्या अपडेटमध्ये इकडच्या पत्त्यावर लिहिलं जाऊ शकतं, त्यामुळे मूळ वस्तूच कॉन्स्ट असेल तर तसं अपडेट मागू नये. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं, चालेल, वाक्य आधी दाखव. वर्तुळाची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. उगाच पुन्हा दहा मेल झाले असते.

ऑगस्टच्या शेवटी पॅच आत गेला. चाचण्यांमधल्या ४१ पैकी एकही कास्ट उरली नाही. त्यातल्या दोन काढल्यावर कंपायलरने एरर दिली, आणि बघते तर त्या खरोखरच जिथे लिहायला नको तिथे लिहीत होत्या. एक माझी नव्हती, एवढंच समाधान.

त्या संध्याकाळी आबा नव्याने रंगवलेल्या जिन्यात पट्टी घेऊन उभे होते, २०२१ ची रेघ मारायला. मी पट्टीचं दुसरं टोक धरलं.

‘निघाल्या का मग सगळ्या?’ त्यांनी विचारलं.

‘निघाल्या. म्हणजे, तीन राहिल्या.’

‘त्या का राहिल्या?’

मी सांगितलं. एक फंक्शन आहे, त्याला इकडचा पत्ता दिला की ते तिकडचा जोडीदार पत्ता काढून देतं. घेतं ते कॉन्स्ट, देतं ते साधं. सीच्या जुन्या लायब्ररीतल्या एसटीआरसीएचआरची हीच तऱ्हा. ते फक्त-वाचा मजकूर घेऊन त्याच मजकुरातल्या जागेचा लिहिता येणारा पत्ता परत द्यायचं, सी भाषेत तोवर कुणी दुरुस्त केलं नव्हतं. आमच्यात निदान तिकडची मेमरी वेगळी असते, त्यामुळे बहुतेक वेळा फसवणूक होत नाही. पण विचारलेलं डिव्हाइस म्हणजे हाच प्रोसेसर असेल, तर जोडीदार पत्ता म्हणजे तोच पत्ता. आम्हाला तो आहे तसा परत द्यावा लागतो, आणि देताना कॉन्स्ट आम्हालाच उतरवावा लागतो. फंक्शनची सही तशी ठरलेली आहे, ती आमच्या हातात नाही. अशा तीन जागा.

‘म्हणजे लोकांनी काढल्या आणि तुम्ही ठेवल्या.’

‘आतल्या बाजूला आहेत, आबा. बाहेरून दिसत नाहीत.’

आबांनी पट्टी भिंतीला टेकवली, खिशातून पेन्सिल काढली आणि जिभेला लावली.

‘टोक नीट धर,’ ते म्हणाले.